कान झाकून, नाक उघडं

आमच्या येरमाळ्यात थंडी पडली की माणसं कान झाकतात आणि नाक उघडं ठेवतात. मफलर डोक्यावरून घ्यायचा, दोन्ही कान करकचून आवळायचे, हनुवटीखाली गाठ मारायची आणि मग हॉटेलच्या बाकड्यावर चारचौघांच्या मधोमध बसून खुशाल शिंकायचं. गार वारं कानातून शिरतं आणि माणूस आजारी पडतो, अशी इथं पिढीजात खात्री आहे. शिंकेतून काय बाहेर पडतं आणि ते समोरच्याच्या चहात कसं उतरतं, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. संसर्ग म्हणजे काय हे मी ज्यांना शिकवलं ती पोरं आता बाप झाली आहेत आणि कान झाकून त्याच बाकड्यावर शिंकत असतात. माझ्या शिकवण्याचं एवढंच फळ मला दिसलं आहे.

करोनाच्या वेळी वाटलं होतं, आता तरी शहाणपण येईल. कसलं काय! नाकावरचा मास्क आधी हनुवटीवर उतरला, तिथून खिशात गेला आणि शेवटी मोटारसायकलची सीट पुसायला लागला. हात धुवायचे ते जेवणानंतर, कारण कालवणाचा वास राहतो. जेवणाआधी धुवायला हाताला काय झालंय? तंबाखूचं तर विचारूच नका. आत्ता ज्या तळव्यानं नाक पुसलं त्याच तळव्यावर चुना लावून ती मळायची, दोन थापट्या मारायच्या आणि शेजाऱ्यापुढं हात करायचा. शेजारी नको म्हणाला तर त्याला माज आलाय. अंगात ताप भरला की दवाखान्यात जाऊन म्हणायचं, ‘डाक्टर, एक सुई मारा, बिगर सुईचा ताप उतरत न्हाय.’ जो डॉक्टर सुई न मारता घरी पडून राहा, पाणी प्या, लोकांत मिसळू नका असं सांगतो, त्याला काही येत नाही असं गावभर होतं.

या सगळ्यावर कडी म्हणजे भेटायला जाणं. एखाद्याला ताप आल्याची बातमी लागली की गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस बिस्किटपुडा घेऊन त्याच्या उशाशी हजर. नाही गेलं तर वर्षभर बोलणं खावं लागतं. आठ-दहा जण एका खोलीत, खिडकी बंद, कारण पेशंटला वारं लागू नये. पेशंट खोकतो, भेटायला आलेला खोकतो आणि दोघं मिळून हवामानाला नावं ठेवतात. चार दिवसांनी भेटायला आलेलाच आडवा होतो. मग पहिला पेशंट त्याच्याकडं बिस्किटपुडा घेऊन जातो. कधी कधी तोच पुडा असतो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण घरात आप्पा आहेत. आप्पा म्हणजे माझे वडील.

आप्पांनी उभा जन्म पिठाची गिरणी चालवली. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, सगळ्याचं पीठ त्यांच्या भुवयांवर बसलं आणि छातीतही बसलं. भुवयांवरचं रोज धुतलं जायचं. छातीतलं राहिलं. गिरणी बंद करून बरीच वर्षं झाली, तरी खाटेवर बसल्या बसल्या त्यांना धाप लागते. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी त्यांना धाराशिवला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, ‘यांच्या फुप्फुसांत आता फारसा दम नाही. या हिवाळ्यात फ्लू झाला तर निभावणं कठीण आहे.’

तिथंच आप्पांना फ्लूची लस दिली. डॉक्टर म्हणाले, ‘या वयात लस पूर्ण राखण करेलच असं नाही. म्हणून घरातल्यांनीही घ्या, म्हणजे तुमच्याकडून यांना होणार नाही.’ बायकोनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, ‘घिऊ की आपण बी.’ मी म्हणालो, ‘आपल्याला काय धाड भरलीय? धडधाकट माणसं आपण. आपण लोकांना आवरायचं.’ तिनं पदर सावरला.

आणि मी लोकांना आवरायला घेतलं.

आप्पांची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी होती. ती खिडकी दिवसभर उघडी राहील असा हुकूम काढला. आप्पांना स्वेटर, शाल, पायमोजे, पण खिडकी उघडी. त्यांचा टॉवेल वेगळा, तांब्या वेगळा. अंगणातल्या नळाजवळ साबण ठेवला. दारावर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात कागद लावला, ‘सर्दी-खोकला असलेल्यांनी आत येऊ नये.’ आणि अंगणात, दारापासून मोजून चार पावलांवर, प्लास्टिकची लाल खुर्ची मांडली. ज्याला आप्पांना भेटायचं त्यानं तिथं बसायचं आणि खिडकीतून बोलायचं.

कागद सगळ्यांनी मोठ्यानं वाचला आणि सगळे आत शिरू लागले. प्रत्येकाला वाटलं, हे दुसऱ्याबद्दल लिहिलंय.

पहिले आले ते काका. काका म्हणजे आप्पांचे गिरणीपासूनचे सोबती. दळण असो-नसो, रोज दुपारी गिरणीच्या ओट्यावर येऊन बसणारे. त्यांचा विटकरी मफलर दिवाळीला कानांवर चढतो तो होळीलाच उतरतो. नाकाचा शेंडा ओला होता. मी दारातच आडवा झालो.

‘मास्तर, मला सर्दी न्हाय,’ काका म्हणाले. ‘नुसतं नाक गळायलंय.’

‘काका, त्यालाच सर्दी म्हणतात.’

‘वाऱ्याचं हाय ते. काल कान उघडा ऱ्हायला जरा.’

मी खुर्चीकडं बोट केलं. काका बसले. मग दोन म्हातारे खिडकीच्या गजांतून एकमेकांशी ओरडून बोलू लागले. आप्पांना अर्धं ऐकू येईना, काकांना ओरडताना खोकला यायचा. मी मध्ये उभा राहून समाधानानं बघत होतो. काका तीन दिवस आले. चौथ्या दिवशी आले नाहीत. त्यांच्यामागं बाकीचेही थांबले. हॉटेलात माझी चेष्टा सुरू झाली. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो हे ठीक, या मास्तराचं तर तोंडही पोळलेलं नाही, असं कोणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. मी म्हटलं, बोला. अडाण्यांनी हसावं आणि माझ्या बापानं जगावं, हा सौदा मला मान्य आहे.

आप्पांना तो मान्य नव्हता. गिरणीत माणसं दळण घेऊन यायची आणि दळून झालं तरी जायची नाहीत. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून आप्पा त्यांच्याशी बोलायचे. माणसांत मुरलेला माणूस तो. आता खिडकीतून त्यांना रिकामी लाल खुर्ची दिसायची आणि तिच्यामागं सोलापूरच्या रस्त्याचे ट्रक. एक दिवस मला म्हणाले, ‘मास्तर, म्या तापानं न्हाय मरायचो. तोंड शिवून मरंन.’ ते मला मास्तर म्हणतात तेव्हा त्यात कौतुक नसतं.

मी म्हणालो, ‘होळीपर्यंत कळ काढा आप्पा.’

एक काम मात्र मी कोणावर सोपवलं नव्हतं. सकाळचा आणि दुपारचा चहा आप्पांना मीच पाजायचो. शाळेच्या दिवशी दुपारचा जरा उशिरा व्हायचा, तरी ते थांबायचे. त्यांचे हात कापतात, कप धरवत नाही. आणि चहा त्यांना लागतो कडक, गरम आणि बशीतून. मी बशीत ओतायचो, हलकेच फुंकर मारायचो, ओठाला लावून बघायचो आणि मग बशी त्यांच्या तोंडाशी धरायचो. मी लहान असताना गिरणीत ते मला असाच पाजायचे. त्यांच्या मिशीचं पीठ बशीत पडायचं, ते मला आठवतं. दिवसातली ती दोन वेळची दहा मिनिटं सोडली तर आमच्यात बोलणं कमी आणि भांडण जास्त होतं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे, आणि मग आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबट आंबील. आंबील एकाच तांब्यानं पन्नास तोंडांना लागते. त्या दिवशी शेजारच्या शेतात दोन घास खाल्ले नाहीत तर तो अपमान. फ्लूला याहून सोयीचा सण सापडायचा नाही. आप्पा आठ दिवस आधीपासून म्हणत होते, ‘मला जीपमदी घालून न्या. खोपीत बसतो, कुनाला शिवत न्हाय.’ मी नाही म्हणालो. ‘पुढच्या वर्षी,’ म्हणालो. ज्या माणसाला डॉक्टरनं हाच हिवाळा कठीण सांगितलाय त्याला मी पुढच्या वर्षीचं सांगत होतो.

येळवशीच्या आदल्या रविवारी आमची तूर निघाली होती. दोनच एकर आहे, पण मळणी यंत्रापुढं मी दिवसभर उभा होतो. तुरीचं भुसकट म्हणजे नाकाला शिक्षा. दरवर्षी त्यानंतर आठ-दहा दिवस मी शिंकतो, डोळे चोळतो. गावात कोणीही शिंकलं की या दिवसांत आधी हेच विचारतात, तूर काढली काय? त्या आठवड्यात वर्गातली निम्मी पोरंही खोकत होती. मी त्यांना कोपरात कसं शिंकायचं ते करून दाखवलं, त्यांच्या वह्या तपासल्या आणि घरी आलो. मलाही शिंका येत होत्या. मी त्या भुसकटाच्या नावावर टाकल्या.

येळवशीच्या दिवशी बायको भावकीबरोबर पूजेला शेतात गेली. आप्पा आणि मी घरी. बारा-एकच्या सुमाराला अंगणात आक्का उभी. आक्का माझी थोरली बहीण, नळदुर्गला दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. स्वतःच्या शेतातली येळवस सोडून, पहाटे उठून आप्पांच्या आवडीची भज्जी करून, दोन बस बदलून ती आली होती. डोळे लाल, नाक ओलं.

‘आक्का, तुला सर्दी झालीय,’ मी म्हणालो.

‘न्हाय रं. चुलीचा धूर आन बसच्या खिडकीचं वारं.’

सगळे हेच म्हणतात. मी खुर्चीकडं बोट केलं. तिनं आधी बोटाकडं बघितलं, मग खुर्चीकडं. जाऊन बसली, डबा मांडीवर. आप्पा खाटेवरून म्हणाले, ‘आरं, येऊ दे तिला आत.’ मी म्हणालो, ‘तिथनं बोलू दे.’ आणि चहा ठेवायला आत गेलो. तिला वेगळा कप नेऊन दिला, खुर्चीच्या शेजारी जमिनीवर ठेवला. मग आप्पांपाशी बसून बशीत चहा ओतला.

ओतता ओतता दोन शिंका आल्या. नियमाप्रमाणे कोपरात शिंकलो. मग बशीवर फुंकर मारली, ओठाला लावून बघितली.

‘काय करायलास रं?’ अंगणातून आक्का म्हणाली. खिडकी उघडी होती. मीच उघडी ठेवली होती.

‘चहा पाजतोय.’

‘ते दिसायलंय. फुंकायलास कशाला?’

‘पोळंल त्यांना.’

‘आन तू आत्ता शिंकलास ते?’

‘ते तुरीचं भुसकट हाय, आक्का. दरवर्षीचं.’

ती उठली. ‘माझा धूर चालंना, आन तुझं भुसकट चालतंय व्हय?’

मला हसू आलं होतं, हे मी लपवत नाही. वाटलं, माझी बहीणसुद्धा शेवटी या गावचीच. तिनं डबा पायरीवर ठेवला, चहाला हात लावला नाही आणि पुढच्या बसनं गेली. आप्पा तिच्या पाठमोऱ्या पदराकडं बघत राहिले. ‘पोरगी उपाशी गेली,’ म्हणाले. मी उरलेला चहा बशीत ओतला आणि फुंकला.

संध्याकाळी माझं अंग दुखू लागलं. म्हटलं, पोती उचलली म्हणून. सकाळी कणकण होती. गोळी घेतली आणि शाळेत गेलो, कारण चाचणी परीक्षा होती. आप्पांचा चहा चुकवला नाही, सकाळचाही आणि दुपारचाही. मास्क खिशात होता. तो लावून फुंकर मारता येत नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पांना ताप भरला. दुपारपर्यंत त्यांच्या बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या आणि ओठांवर निळसर झाक आली. जीपनं धाराशिव गाठलं. तेच डॉक्टर. ऑक्सिजन लावून बाहेर आले आणि त्यांनी सरळ विचारलं, ‘घरात आधी कोणाला झालं होतं?’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागलो. शेवटी बायको बोलली. ‘आदी यांना. तीन दीस झाले. कुनाला दारात येऊ देत न्हवते, आन सोता बशीत फुंकून चहा पाजायले होते.’

‘ते तुरीचं भुसकट असावं असं मला...’ मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. कान बांधलेल्या माणसांकडं मी त्याच नजरेनं बघतो.

आठ दिवस आप्पा तिथं होते. मला लाज वाटत होती आणि लाजेहून मोठी भीती वाटत होती. माझा स्वतःचा ताप उतरेपर्यंत मला त्यांच्या खोलीत जायची मनाई होती, आणि ती बरोबरच होती. आक्का आली. मास्क नाकावर नीट, हात धुतलेले, कोणी सांगायची गरज पडली नाही. ती आत गेली, मी बाहेर बाकड्यावर. तिला ताप नव्हता, नंतरही आला नाही. धूरच होता तो. काकांनाही अख्ख्या हिवाळ्यात फ्लू झाला नाही, नाक गळत असून झाला नाही, हे मला अजून सहन होत नाही.

आप्पा वाचले. वाचले म्हणजे परत आले. पण खाटेपासून न्हाणीपर्यंत जायला आता त्यांना मध्ये भिंत धरून थांबावं लागतं. आधी लागत नव्हतं. तो फरक माझ्या फुंकरीचा आहे.

घरी आल्यावर ते खिडकीपाशी बसून वाट बघू लागले. माणूस दवाखान्यातून परत आला म्हणजे गल्ली लोटणार, हा आमच्याकडचा शिरस्ता. कोणी आलं नाही. गावानं माझं उभ्या जन्मात एकदाच ऐकलं ते नेमकं तेव्हा. दोन दिवसांनी आप्पांनी विचारलं, ‘कुनी आलं न्हाय व्हय रं?’ मग म्हणाले, ‘ते आले असते तरी चाललं असतं की. ताप तर घरचाच निघाला.’

मी चप्पल घातली आणि काकांकडं गेलो. त्यांना हाताला धरून आणायचं ठरवलं होतं. काका ओट्यावर ऊन खात बसले होते. मला येताना बघितलं आणि त्यांनी मफलरची गाठ सोडली, कान उघडे टाकले आणि तो विटकरी मफलर नाकावरून ओढून घेतला.

‘तिथंच बसा, मास्तर,’ त्यातून आवाज आला. ‘तुमच्या घरात ताप हाय म्हनं.’

मी तिथंच, पायरीखाली, बसलो.

यंदा दिवाळीनंतर मी जीप भरून धाराशिवला नेली. आप्पा, बायको, आक्का, काका आणि मी, सगळ्यांनी लस घेतली. काकांनी नर्सला विचारलं, ‘दंडात? मग कानाचं काय?’ मी माझी बाही वर केली. येळवशीला आप्पांना खोपीत नेलं, तांब्या त्यांचा वेगळा, बसायची जागा दाराशी मोकळ्या वाऱ्यात. काका आता घरात येतात, उघड्या खिडकीपाशी बसतात. नाक गळत असेल तेव्हा आपणहून येत नाहीत.

परवा आमची तूर निघाली. आज सकाळी उठल्यावर मला दोन शिंका आल्या. भुसकट असेल. दरवर्षीचंच असेल. मी अंगणात गेलो आणि लाल खुर्चीवर बसलो.

येळवशीपासून आक्का इथंच राहिली आहे. तिनं चहा आणला, बशीत ओतला आणि फुंकर न मारता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. वाफ गजांतून बाहेर माझ्याकडं येत राहिली, मग कमी झाली, मग थांबली. आक्कानं बशी उचलून आप्पांच्या तोंडाशी धरली. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खिडकीतून माझ्याकडं बघितलं.

‘मास्तर,’ म्हणाले, ‘गार झालाय.’

मी खुर्चीतून उठलो नाही.